भिंतीतला काका

चिमणीनं पुन्हा चप्पल फेकली. नेम चुकला. चप्पल भिंतीला लागून खाली पडली आणि मावशीच्या पाळणाघरात गाद्यांवर झोपलेल्या पोरांपैकी दोघं दचकून रडायला लागली.

मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. कुणी फेकली हे विचारायची गरजच नव्हती. तीन वर्षांची चिमणी एकाच पायात चप्पल घालून भिंतीकडे बघत उभी होती.

"भिंतीतला काका बोलतो," ती म्हणाली.

मावशीनं तिला कडेवर घेतलं आणि भिंतीत काका राहत नसतात, भिंतीत विटा असतात, असं समजावलं. चिमणीनं मान हलवली नाही. तिनं मावशीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

सुट्टीसाठी मावशीकडे आलेली करवत हे सगळं दारातून बघत होती. करवत तेरा वर्षांची. तिच्या जिभेवरून घरच्यांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ बटण. दिसेल ते बटण दाबल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. समोरच्या घरातली टपाल त्यांची सुट्टीतली मैत्रीण. इमारतीतली कुठलीही बातमी तिच्याकडून सगळ्यांत आधी घरपोच मिळायची. तिघांनी सायकली काढून टेकडीमागच्या तळ्यावर जायचं ठरवलं होतं. हवासुद्धा भरून झाली होती.

त्या सायकली शेवटी जिन्याखालीच राहिल्या, कारण संध्याकाळी चिमणीची आई आली.

ती आत येऊन बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली. चिमणी घरी झोपत नाही, बोलणं जवळजवळ बंद झालंय, झोप म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसते. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा. तुम्ही मारता का हो मुलांना?"

मावशीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. अर्ध्या इमारतीची पोरं तिच्या मांडीवर वाढलेली. आज मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा जिन्यात दिसली की तिच्या पाया पडायची.

"कॅमेरा आहे ना समोर," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही सगळे ऑफिसातून बघताच की."

"बघतो ना. दुपारी तो कॅमेरा नुसता गाद्यांच्या कोपऱ्यावर वळवलेला असतो. बाकीची खोली दिसतच नाही. आम्हाला फक्त बघता येतं, वळवता येत नाही. मग वळवतं कोण? आणि तेव्हा तुम्ही काय करत असता?"

मावशी म्हणाली, मी त्याला हातसुद्धा लावत नाही. चिमणीच्या आईला ते पटलं नाही. शनिवारपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर तक्रार करीन आणि पाळणाघराला कुलूप लावीन, असं सांगून ती निघून गेली. कॅमेऱ्यात चित्रण साठवायचं कार्ड घालायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे मावशीकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही गाद्यांजवळ चित्रं रंगवायचं सोंग घेऊन बसली. मावशी ओट्यापाशी होती. पोरं पेंगत होती. आणि कॅमेरा वळला. घशात माशी अडकल्यासारखा बारीक आवाज करत त्यानं मान फिरवली आणि तो चिमणीच्या गादीवर थांबला. चिमणी डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती.

बटण सहज उठल्यासारखा उठला, कोपऱ्यातल्या राउटरपाशी गेला आणि इंटरनेटची तार काढली. त्यानं चिमणीला उचलून दुसऱ्या टोकाला बसवलं. कॅमेरा ढिम्म. मग तार परत जोडली. थोड्या वेळानं कॅमेऱ्याची मान हळूच फिरली आणि चिमणीला शोधत तिच्यावर येऊन थांबली.

"हा घरातून नाही वळत," तो म्हणाला. "बाहेरून कुणीतरी वळवतंय."

राउटरच्या आतलं बघायला त्यानं मावशीची परवानगी मागितली. मोडलंस तर काय, असं तिनं विचारल्यावर, नीट होईपर्यंत जेवणार नाही, असं त्यानं कबूल केलं.

"मग हा उपाशीच मरणार," करवत म्हणाली. पण संगणक तिनंच आणून दिला.

राउटरच्या पोटाखाली पत्ता छापलेला असतो. तो टाकल्यावर पासवर्डची चौकट आली. छापील पासवर्ड चालला नाही. तेव्हा टपाल म्हणाली, "वायरवाल्या काकांनी बसवलाय ना? मग त्यांच्या स्कूटरचा नंबर टाक. आमच्याकडे तोच आहे."

दोघं तिच्याकडे बघत राहिली. वायरवाले काका अख्ख्या गल्लीत इंटरनेट आणि कॅमेरे बसवायचे. आपल्याला लक्षात राहावा म्हणून त्यांनी घरोघरी एकच पासवर्ड ठेवला होता. तो त्यांच्या स्कूटरच्या पाटीवर ठळक रंगवलेला होता, आणि ती स्कूटर दिवसभर रस्त्यावर उभी असायची. मोठी माणसं दाराला तीन-तीन कड्या लावतात आणि घराची किल्ली अशी चौकात टांगून येतात.

राउटर उघडला. 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाच्या पानावर एकच ओळ होती आणि ती कॅमेऱ्याची होती.

"म्हणजे काय?" करवतनं विचारलं.

बटण म्हणाला, "राउटर म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. आतून कुणी बोलावलं नसेल तर तो बाहेरच्याला हाकलतो. पण त्याला इथे सांगून ठेवलंय, की या नंबरचं दार कुणीही ठोठावलं तर नाव-गाव विचारू नकोस, सरळ कॅमेऱ्यापाशी पाठव."

"कुणीही?"

"जगातलं कुणीही. आणि कॅमेऱ्याला पासवर्ड कोणता असेल, सांग."

सांगायची गरज नव्हती. पण बघायला तर हवं होतं. मावशीला विचारून टपाल मोबाइल घेऊन खाली रस्त्यावर गेली, मोबाइल घरच्या वायफायवरून काढला, बटणनं दिलेला पत्ता उघडला आणि समोरच उभ्या असलेल्या स्कूटरवरून नंबर वाचून टाकला. मग पडद्यावरची बोलायची खूण दाबली.

वर खोलीत भिंत बोलली. "करवत, तुझी वेणी सुटलीय."

आवाज टपालचाच होता, चिरका आणि लांबून आल्यासारखा. करवतचा हात आपसूक वेणीकडे गेला. तेवढ्यात चिमणी अशी किंचाळली, की मावशीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. चिमणी कपाटामागच्या फटीत घुसली आणि तिला बाहेर काढताना तिच्या हातावर ओरखडा उठला.

भिंतीतला काका खरा होता. चिमणी किती दिवस सांगत होती, आणि सगळे तिला भिंतीत विटा असतात म्हणून समजावत होते.

बटणनं ती ओळ पुसायला हात पुढे केला. करवतनं त्याचं मनगट धरलं. आत्ता पुसलं तर मावशीवरचा आळ तसाच राहील, ती म्हणाली. चिमणीच्या आईला तो आवाज ऐकायला हवा. मावशी आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. पण तिची अट होती: एकही लहान पोर त्या खोलीत राहणार नाही आणि ती स्वतः दारामागे उभी राहील.

पुढच्या दुपारी तार काढून ठेवूनच मावशीनं पोरांना आतल्या खोलीत झोपवलं. टपाल त्यांच्यापाशी बसली. करवत चिमणीच्या गादीवर चिमणीचीच चादर डोक्यावर ओढून, पाय पोटाशी घेऊन निजली. छातीवर मोबाइल होता, आवाज टिपत होता. बटणनं तार जोडली आणि एका हातात ती धरूनच तो कपाटाआड बसून राहिला.

चादरीत गरम होत होतं. करवतला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग तो बारीक आवाज आला. घशात माशी.

"चिमणे," भिंत म्हणाली. "झोपलीस?"

आवाज पुरुषाचा होता. रागावलेला नव्हता. कंटाळलेला होता. वेळ जात नाही म्हणून कुणी मुंगीचे पाय तोडत बसावं, तसा.

"झोपायचं नाही, सांगितलं होतं ना? डोळे मिटलेस की मावशीला आत ओढून घेईन. आईला सांगितलंस तर आईलापण."

करवतला ओरडावंसं वाटत होतं. तिनं चादर दातात धरली. दारामागे मावशीच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"हे पाय कुणाचे आहेत?" आवाज एकदम बदलला. "हे चिमणीचे पाय नाहीत."

करवतनं चादर फेकली, उठून बसली आणि सरळ त्या काळ्या भिंगात बघितलं.

"तुझ्या बापाचे," ती म्हणाली.

बटणनं तार ओढली. मग करवत मोरीत जाऊन ओकली.

संध्याकाळी मावशीच्या खोलीत चिमणीचे आईबाबा, इमारतीचे सेक्रेटरी आणि वायरवाले काका बसले होते. करवतनं मोबाइल मधोमध ठेवला. आवाज संपला तेव्हा चिमणीची आई तोंडावर पदर धरून बसली होती.

वायरवाले काका मात्र बोलले. पालकांनाच ऑफिसातून बघायचं होतं, म्हणाले. मग दार उघडं ठेवावंच लागतं. आणि पासवर्ड वेगवेगळे दिले की लोक विसरतात, दर वेळी जिने चढून यावं लागतं.

"म्हणजे तुमचे गुडघे दुखू नयेत म्हणून चिमणी झोपली नाही," करवत म्हणाली.

मावशीनं एरवी तिला दटावलं असतं. त्या दिवशी दटावलं नाही.

सकाळी पोलीस खात्यातल्या बाई आल्या. त्यांनी ध्वनिमुद्रण घेतलं, राउटरच्या पानांचे फोटो काढले आणि खोटा धीर दिला नाही. माणूस शेजारच्या गल्लीतला असेल किंवा समुद्रापलीकडचा. शोधू, पण सापडेलच असं वचन देणार नाही, म्हणाल्या. मग त्यांनी बटणला खूण केली. त्यानं ती ओळ पुसली. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली. आतलं एखादं यंत्र परस्पर नवं दार उघडतं, तीही सवय बंद केली. राउटरला नवा, लांबलचक पासवर्ड दिला. कॅमेरा बाईंनी सोबत नेला.

तशीच दारं घरोघरी उघडी निघाली. एका आजारी आजोबांच्या पलंगासमोर, एका शिंप्याच्या दुकानात, खुद्द सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात. वायरवाले काका आठवडाभर जिने चढत होते. मागे बटण होता. पासवर्ड बदलल्याशिवाय तो त्यांना उंबरा ओलांडू देत नव्हता.

चिमणीच्या आईनं मावशीचे दोन्ही हात धरून माफी मागितली. मावशी म्हणाली, लेकरासाठी विचारलंत, विचारायलाच हवं होतं. पण हात तिनं जरा लवकर सोडवून घेतले.

सेक्रेटरींनी सभा बोलावली, तिघांना उभं केलं, शाबासकी दिली. या मुलांनी इमारतीचे डोळे उघडले, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. करवतनं त्या संपू दिल्या.

"आम्ही काही शोधलं नाही," ती म्हणाली. "चिमणी रोज सांगत होती. ती तीन वर्षांची म्हणून तुम्ही ऐकलं नाहीत. आम्हीपण नाही ऐकलं."

यावर टाळ्या वाजल्या नाहीत.

सोमवारी चिमणी आली. दारातच थांबली. मग करवतचं बोट धरून ती भिंतीपाशी गेली. कॅमेऱ्याच्या जागी आता नुसतं खिळ्याचं भोक होतं. ती त्याकडे बघत राहिली.

"गेला?"

"गेला."

चिमणीला खात्री पटेना. करवत कुणालाच सांगू शकत नव्हती की तो कुठे गेला आणि आत्ता कुणाच्या भिंतीत आहे. तिनं पोरांच्या खेळातल्या मातीचा गोळा आणला आणि चिमणीला उचलून वर धरलं. चिमणीनं माती भोकात भरली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली. मग कान लावून ऐकलं.

दुपारी ती गादीवर पडली. एका पायातली चप्पल तिनं काढली. दुसरी हातात घट्ट धरून ठेवली. आणि तशीच झोपली.