सत्काराच्या वेळी नापास होणारी चिप

"मी एकटी असले की चिप पास होते, पाहुणे आले की नापास. साहेबांना वाटतं, मी खोटे रिपोर्ट देते," तनुजा म्हणाली. ती फुलंब्रीहून रोज शेंद्र्याच्या कारखान्यात यायची आणि तिथल्या सेमीकंडक्टर चिप तपासायची. आज गिऱ्हाईक पुन्हा येणार होतं. आजही मशीनवरचा नापासाचा लाल दिवा लागला, तर तिची नोकरी जाणार होती.

खासगी गुप्तहेर मेघा दांडगे लगेच उठल्या. त्यांचा मदतनीस अल्तमश नान-खलिया संपवून मग उठला.

कारखान्यात तनुजानं नमुन्याची चिप मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. हिरवा दिवा लागला. या चिपवरचं काळं कवच मुद्दाम काढलेलं होतं. पाहुण्यांना आतली कारागिरी दिसावी, ही मालक विश्वजीतरावांची हौस. त्यासाठी पाहुण्यांसमोर झाकणही उघडंच ठेवत.

सहकारी अतुलला तनुजाची जागा हवी होती, आणि त्यानं ते लपवलंही नाही. पण पाहुण्यांच्या सत्कारात दर वेळी तो मशीनपासून लांब, दारापाशी नारळाचं ताट घेऊन उभा असायचा.

तपासणीचा प्रोग्रॅम लिहिणारी उजमा म्हणाली, "शाल घालेस्तोवर दिवा हिरवा असतो, ताई. मग सगळे फोटोला उभे राहतात, अन् वळून बघावं तर लाल. मशीनला कुणी हात लावत नाय."

"नजर लागती मशीनला," अल्तमशनं निकाल देऊन टाकला.

मेघाताईंनी फोटो कोण काढतं ते विचारलं आणि लग्नांचे फोटो काढणाऱ्या कडुबाला मोठ्या कॅमेऱ्यासकट बोलावून घेतलं.

मग सगळ्यांना मशीनपाशी जमवून त्यांनी झाकण उघडलं आणि अल्तमशच्या खांद्यावर शाल घातली. तो नवरदेवासारखा लाजला. कडुबानं फ्लॅश मारला, दिवा लाल झाला. झाकण लावून पुन्हा तपासणी केली, दिवा हिरवा झाला; आता फ्लॅश मारला, तर तो हिरवाच राहिला.

"हात कुणी लावला नाही, म्हणजे लांबून पोचेल असंच काहीतरी हवं," मेघाताई म्हणाल्या. "उघड्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की वीज तयार होते, सौर पॅनलमध्ये होते तशीच. खोलीतल्या उजेडानं बिघडत नाही, पण फ्लॅशच्या झोतानं चिप गोंधळते. तनुजा एकटी असताना झाकण बंद असतं, अन् तिचा फोटो काढतंय कोण? विकायच्या मालावर कवच असतं, त्याला धोका नाही. गुन्हेगार आपला पाहुणचार आहे."

"कॉलेजात शिकले होते हो मी हे," तनुजा कपाळावर हात मारत म्हणाली. "पण फोटोच्या वेळी मीबी कॅमेऱ्याकडंच बघत होते."

विश्वजीतराव खजील झाले. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगू नये, असं त्यांनी सुचवलं. तनुजानं ऐकलं नाही. गिऱ्हाईक आल्यावर तिनं दिवा लाल करून दाखवला, हिरवा करून दाखवला आणि कारणही सांगितलं.

वैजापूरकडचे ते गृहस्थ मनापासून हसले. "मालाची खोड स्वतःहून दाखवणारं माणूस लई दिवसांनी भेटलं," ते विश्वजीतरावांना म्हणाले. "ऑर्डर देतो, पण एक अट हाय. प्रत्येक रिपोर्टवर सही ह्या बाईंचीच पाहिजे."

विश्वजीतरावांनी सगळ्यांदेखत तनुजाची माफी मागितली.