पुरेसं वजन

भंडाऱ्याच्या ऊतक-प्रयोगशाळेत डॉ. मंदाकिनी डोंगरवार सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, आणि जे दिसत होतं ते काही केल्या तिला पटत नव्हतं. काचपट्टीवर तिच्या सख्ख्या भावाच्या आतड्याचा तुकडा होता.

प्रभाकरदादाचं स्वतःचं आतडं आठ महिन्यांपूर्वी सडून गेलं. सलाइनवर दिवस काढता काढता सुई टोचायला शिरा उरल्या नाहीत, तेव्हा मंदाकिनीने टसर रेशमाच्या अळीच्या पेशी माणसाला मानवतील अशा घडवल्या आणि त्याच्या पोटात नवं अस्तर उगवलं. अळीइतकं खाऊन पचवणारं दुसरं आहे कोण? स्तंभपेशी अन्न शोषायच्या, चषकपेशी क्षार उपसून पाचकरस तेज ठेवायच्या, तळाशी दडलेल्या राखीव पेशी झिजलेलं अस्तर भरून काढायच्या. हे अस्तर कायम अळीचंच राहावं म्हणून रोज शैशवरसाची गोळी. दादाचा सापळा बघता बघता भरला. मंदाकिनी स्वतः डबे न्यायची, वजन वाढलं की वॉर्डभर पेढे वाटायची.

आणि सोमवारपासून दादाने जेवण सोडलं.

"अळीचं अस्तर गेलं कुठे?" तिने शेजारी उभ्या असलेल्या डॉ. इरफान शेखांना विचारलं. या कीटकशास्त्रज्ञाने वीस वर्षं ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सांभाळल्या होत्या. त्यांनी एकदाच डोकावून पाहिलं.

"पचलं. कोषात जाताना अळी स्वतःचं आतडं पचवून टाकते, मॅडम. मग राखीव पेशी पतंगाचं आतडं बांधतात. हे ते आहे."

"पण गोळी चालू आहे. रक्तात शैशवरस आहे."

"रक्तात असेल. पेशी तो आत आल्या आल्या मोडतायत. अळी एका ठरावीक वजनाला पोचली की असंच होतं. भरपूर साठलं, आता खाणं पुरे."

"किती वजनाला?"

"अळीचं मला ठाऊक आहे. माणसाचं कुणी पाहिलं होतं?"

मंदाकिनीला ते डबे, ते पेढे आठवले. दादाला त्या वजनापर्यंत तिनेच नेलं होतं, घास घास भरवून.

"नव्या पेशी पेरू."

"रुजायला चार महिने लागतात. टसरचा पतंग खातच नाही, मॅडम. साठवलेल्यावर जगतो, तेवढंच."

किती दिवस, हे तिने विचारलं नाही.

वॉर्डात दादा पलंगावर टेकून बसला होता. गाल वर आले होते, रंग उजळला होता. समोरचं ताट तसंच होतं.

"दादा, दोन घास तरी खा."

"नको वं बाई. मले भूकच नाही." त्याने हसून ताट तिच्याकडे सरकवलं. "इतके दिवस जेवलो तरी आत कोणीतरी अजून मागत राहे. आता कसं सारं शांत झालं. पोट भरल्यावानी वाटते."

पतंगाच्या अस्तरातल्या पेशीच मेंदूला तसं कळवत होत्या, हे तिला माहीत होतं. तिला त्या पेशींची भीती वाटली, आणि दादाच्या समाधानाची त्याहून जास्त. तिने घास त्याच्या ओठांशी नेला. तो कौतुकाने तिच्याकडे पाहत राहिला, पण तोंड उघडायचं त्याला सुचलंच नाही.

"काहून रडते वं?" तो म्हणाला. "साठ किलो झाला की घरी सोडते, तूच म्हणाली होती न? रविवारीच झालो. सोड न मग."