नववी जागा

सेंट लुईस शहराच्या उत्तर भागात, बंद पडलेल्या शाळेमागच्या मैदानावर, जून महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, रेनीटा मेरिवेदर आपल्या जुनाट गाडीमागे पलंगाची स्प्रिंगांची जाळी बांधून बेसबॉलच्या मैदानाची माती सारखी करीत होती. आणि त्या जाळीखाली जणू तिचेच अंतःकरण ओरबाडले जात होते!

वडील गेल्यापासून वस्तीतल्या मुलांचा हा संघ तिनेच जगवला होता. आजूबाजूचे संघ एकेक करून मोडले. पोरे उपनगरांतल्या क्लबांकडे गेली, नाहीतर खेळालाच मुकली. लीगचा नियम निष्ठुर होता : नऊ खेळाडू उभे नसतील तर सामना गेला, आणि मोसमात दुसऱ्यांदा तसे घडले की मैदानही गेले. एकदा ते घडून चुकले होते...

आज तिच्याकडे आठच होते. नववा, तिचा पाठचा भाऊ ओमारी, संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याला तिनेच हाकलले होते. उपनगरातला क्लब त्याला विनामूल्य घ्यायला तयार होता. कॉलेजांसाठी खेळाडू हेरणारे लोक तिथेच येत, इथे कधीच नाही. पण तो तिला सोडून जाईना! तेव्हा काळजावर दगड ठेवून ती खोटे बोलली होती, "तीन नवे पोरगे आलेत. तुझी जागा भरली. तुझ्या नखऱ्यांना विटलेय मी."

"डॅडी असते तर असं बोलली असतीस?" एवढेच विचारून तो गेला होता.

"काय रे, तुमचा नववा अजून पॅनकेक खातोय का?" समोरच्या संघातून कोणी ओरडले.

"तुझ्याच आईकडे बसलाय, ती उठू देत नाही!" रेनीटाच्या संघाचा कॅचर, चेंडू झेलणारा क्विंटन उत्तरला.

तेवढ्यात कुंपणावरून उडी टाकून, उपनगरी क्लबाच्या निळ्या पोशाखातच, ओमारी धापा टाकीत आला.

"रेनी, कुठायत ते तिघं? क्विंटन फोनवर म्हणाला, एकसुद्धा आला नाही! मैदान घालवून मला पाठवलंस?"

"तुझा आज सामना होता ना रे?"

"सोडून आलो."

"सोडून आलास! अरे, तुझ्याचसाठी तर मी..." ती त्याला परत कुंपणाकडे ढकलू लागली. ओमारीने तिला घट्ट मिठी मारली, आणि आठवडाभर दाबून ठेवलेला तिचा हुंदका त्या निळ्या पोशाखावर फुटला.

"मला माफ कर, रेनी." ओमारी पंचांकडे वळला. "मिस्टर हॅस्किन्स, नऊ झाले. करा सुरू!"

म्हातारे पंच हॅस्किन्स, तिच्या वडिलांचे जिवलग मित्र, जागचे हलले नाहीत.

"तुझं नाव तिकडे लागलंय, पोरा. एकदा संघ सोडला की त्या मोसमात परत येता येत नाही. मोठे क्लब आपली पोरं ऐनवेळी उसनी नेत, म्हणून तुझ्या बापानेच भांडून हा नियम करून घेतला होता."

"बाप माझाच होता ना! मग एकदा तरी..."

वृद्धाने टोपी काढली.

"आठ खेळाडू. सामना गेला. मैदानही."