रिकामा सोडलेला रकाना

दिवा असू दे तसाच, मंद. या वॉर्डात इंजेक्शनची कुपी फोडण्याआधी तिच्यावरचं नाव दोघींनी मोठ्यानं का वाचायचं, असं तुम्ही नव्या मुली विचारता, म्हणून सांगतो. मी इथल्या औषधांच्या कोठीवर तेवीस वर्षं काढली. हे घडलं मोठ्या सिस्टरांच्या बाबतीत. त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

सतरा जानेवारी, बुधवारची रात्र. दोन वाजायला दहा मिनिटं होती. वॉर्डातल्या पाण्याच्या कुप्या संपल्या, म्हणून मोठ्या सिस्टर स्वतःच किल्ली घेऊन खाली कोठीत गेल्या. पाण्याच्या म्हणजे, पावडरचं इंजेक्शन ज्यात विरघळवतात ते पाणी. खोकं उचललं आणि वर आल्या. साधं काम.

डोक्यात मात्र संध्याकाळचं एक वाक्य घुमत होतं. कुणीतरी म्हणालं होतं, "धाकट्या सिस्टर असत्या तर..."

या धाकट्या सिस्टर मोठ्या सिस्टरांच्या मागून नऊ वर्षांनी नोकरीला लागल्या, आणि वॉर्डाच्या इनचार्ज मात्र आधी झाल्या. कारण काय, तर औषधात चूक झाली की लगेच फॉर्म भरून पेटीत टाकायच्या. स्वतःची चूक असली तरी. 'आज मी सहा नंबरची गोळी आठ नंबरला देणार होते,' असं सरळ लिहायच्या. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "चुका करून शाबासकी मिळवायची कला आहे बाई हिच्याकडे." हसून म्हणायच्या, पण आतून नुसता जळफळाट. त्यात त्यांची आई आजारी पडून याच वॉर्डात आली. म्हातारी लेकीच्या हातून गोळीच घेईना. "त्या धाकटीला बोलाव. ती नाव वाचून देते." पोटच्या मुलीचा हात तसाच परत. ते त्यांना फार लागलं.

पुढे धाकट्या सिस्टर तापाचं निमित्त होऊन गेल्या. आठ दिवसांत खेळ आटोपला. खुर्ची मोठ्या सिस्टरांना मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोघींनी वाचायचा नियम बंद केला आणि फॉर्मांचा गठ्ठा तळच्या खणात ढकलला. पण उपयोग काय? उठताबसता सगळ्यांच्या तोंडी धाकट्या सिस्टरच. जिवंत होत्या तेव्हा कधीतरी चुकायच्या तरी. आता तेही बंद.

तर त्या रात्री चार नंबरच्या खाटेवर एक शिंपीमास्तर होते, संध्याकाळीच दाखल झालेले. न्यूमोनिया. दोनचं इंजेक्शन त्यांचं. मोठ्या सिस्टरांनी नव्या खोक्यातली कुपी फोडली, पावडर विरघळवली, सिरिंज भरली.

"मास्तर, हात द्या."

मास्तरांनी हात पांघरुणात ओढून घेतला. "त्या दुसऱ्या बाई येऊ देत की."

"कुठल्या दुसऱ्या?"

"बारीक अंगाच्या. चष्म्याला दोरी लावलीय त्या. आत्ता तर सांगून गेल्या, दोघींनी वाचल्याशिवाय हात देऊ नका म्हणून."

वॉर्डात त्या एकट्याच होत्या. जोडीची मुलगी शेजारच्या वॉर्डात मदतीला गेलेली, आणि ती चष्मा लावत नव्हती. दोरीचा चष्मा इथं एकीचाच होता.

मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू, आधी भीती वाटलीच नाही. राग आला. आठ महिने झाले हिला जाऊन, आणि आज आलेला पेशंटसुद्धा हिलाच हवा?"

त्यांनी मास्तरांचं मनगट बाहेर ओढलं. शिरेत सुई होतीच. सिरिंज जोडली. अंगठा दट्ट्यावर ठेवला.

आणि मागून कुणीतरी वाचलं.

हळू. एकेक अक्षर सोडवत.

"पो... टॅ... शियम..."

अंगठा थांबला.

मागे कोणी नव्हतं. दार बंद. मास्तर त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. मान हलवत होते, जणू कुणाला तरी हो म्हणत होते...

मोठ्या सिस्टरांनी सिरिंज काढली. फोडलेली कुपी दिव्याखाली धरली.

पाणी नव्हतं ते.

पोटॅशियम. तसंच शिरेत गेलं असतं तर मास्तरांचं हृदय जागच्या जागी थांबलं असतं.

कोणी पाहिलं नव्हतं. सिरिंज मोरीत रिकामी केली की मिटलं. त्या उठल्याही. मग मनात आलं, ती असती तर तिनं लिहिलं असतं. पुन्हा जीव जळला. त्या तिरमिरीतच त्यांनी तळचा खण उघडला.

सगळं लिहिलं. कुपी कुठून आणली, लेबल वाचलं नाही, नियम आपणच बंद केला होता, सगळं. एक रकाना मात्र कोरा ठेवला. 'चूक कोणाच्या लक्षात आली?' लोक वेड्यात काढतील ही एक भीती. पण खरं कारण वेगळं. हेसुद्धा श्रेय तिलाच द्यायचं? हात धजेना. फॉर्म तसाच पेटीत टाकला. पेटीला कुलूप, किल्ली एकच, ती मेट्रनबाईंच्या कमरेला.

सकाळी मेट्रनबाईंनी पेटी उघडली. मलाही बोलावलं, कारण खोकं कोठीतलं. मी जाऊन बघितलं. खोक्यावर चिठ्ठी पाण्याची, खाली कुप्या पाण्याच्या, आणि वरची अख्खी ओळ पोटॅशियमची. तशाच दिसतात त्या. ते खोकं मीच भरलं होतं. तेवीस वर्षांत माझ्या नावचा पहिला फॉर्म मी त्या दिवशी भरला. पोटॅशियमचं कपाट वेगळं झालं, दोघींनी वाचायचा नियम परत आला. मास्तर सहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले.

मेट्रनबाई फॉर्म वाचत शेवटच्या रकान्याशी आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, हे एवढंच पेन्सिलीनं का लिहिलंत?"

मोठ्या सिस्टरांनी कागद हातात घेतला, वाचला. मग खुर्चीत बसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

मी वाकून बघितलं. धाकट्या सिस्टरांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं माझ्या हातात यायच्या. त्यांचं अक्षर मी झोपेतही ओळखेन.

'चूक कोणाच्या लक्षात आली?' याच्यापुढे त्याच अक्षरात दोन शब्द होते.

'मोठ्या सिस्टरांच्या.'