लोकरीचे दुसरे टोक

ऑर्चर्ड रस्त्यावरच्या त्या घरावर तीन पितळी ग्रीक अक्षरे बसवलेली होती आणि घरातल्या साठ मुलींपैकी एकीलाही ग्रीक येत नव्हते. त्यावाचून कुणाचे काही अडत नसे. अक्षरे वाचण्यासाठी नव्हतीच. ज्यांना आत घेतले आणि ज्यांना घेतले नाही त्यांच्यामधली ती रेघ होती. नेब्रास्कातल्या त्या कॉलेजात मुलींची अशी सात भगिनीगृहे होती, निवडून घेतलेल्या मुलींनी बहिणी म्हणून एकत्र राहायची घरे, आणि १९७४ च्या सप्टेंबरात कोरिन वाशेकला त्यांपैकी हेच हवे होते. किती हवे होते, हे तिने कुणाजवळ बोलूनही दाखवले नसते. तिच्या वडिलांचे सॉसेज धुरवण्याचे दुकान होते. तिने आपला कोट कितीही झटकला तरी सफरचंदाच्या लाकडाचा धूर त्यातून जात नसे. इतर घरांच्या निवडीच्या चहापानांत मुलींनी तो वास ओळखला होता आणि हसून विषय बदलला होता.

या घराच्या चहापानात मात्र कुणी नाक मुरडले नाही. लेनोर ऑल्ड्रिच नावाची तिसऱ्या वर्षाची उंच, देखणी मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली आणि वडिलांची गाडी कोणती, चर्च कोणते, असले काही न विचारता म्हणाली, “थंडी सोसते का गं तुला?”

“सोसते की. आमच्या वरच्या खोलीत शेगडीच नाही.”

“एकटी झोपतेस?”

“छे. आम्ही चौघी बहिणी एका पलंगावर. धाकटी लाथा झाडते.”

“मग जाग येत असेल.”

“मला? घर उचलून नेलं तरी येणार नाही.”

लेनोर मनमोकळी हसली. मग मागे वळून तिने कुणाकडे तरी पाहिले आणि मान किंचित हलवली. आपल्याला कुणीतरी आपल्याबद्दल विचारले याचा कोरिनला इतका आनंद झाला होता की काय विचारले याचा विचार तिने केला नाही.

तिची निवड झाली. तिच्याबरोबर मार्लिस नावाची एक गुबगुबीत, बडबडी मुलगीही निवडली गेली आणि उमेदवारीच्या काळात दोघींना खाली एक खोली मिळाली. घरातल्या जुन्या मुली मात्र सगळ्या तिसऱ्या मजल्यावर एकाच दालनात झोपत. त्याला ‘बर्फखाना’ म्हणत. तिथे दुमजली लोखंडी खाटांच्या रांगा होत्या, आणि खिडक्या जानेवारीतही उघड्या असत. मोकळ्या हवेने प्रकृती सुधारते असे घराच्या संस्थापिकांचे मत होते. संस्थापिका केव्हाच गेल्या होत्या, मत राहिले होते.

शनिवारी बर्फखान्यातल्या चादरी बदलणे हे उमेदवारांचे काम. कोपऱ्यातली खालची खाट कुणाचीच नव्हती. “पाहुण्यांची आहे,” लेनोरने सांगितले होते. पाहुणे कधी आलेले दिसले नाहीत. तरी दर शनिवारी त्या उशीत खळगा पडलेला असे, आणि चादरीवर लोकरीचे बारीक करडे तंतू.

“दुपारी कुणीतरी डुलकी काढत असेल,” मार्लिस म्हणाली.

“इतक्या गारठ्यात?”

“तुला काय करायचंय, सॉसेजवाली? तिकडून चादर ओढ.”

कोरिनने त्या खळग्यात तळहात ठेवून पाहिला. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. खळगा मात्र तिची आई चुलीशेजारी फुगायला ठेवी त्या कणकेसारखा होता, मऊ आणि कोमट.

तिने हात काढून घेतला आणि याबद्दल कुणाशी बोलली नाही. नव्याने आत घेतलेल्या माणसाला तक्रारीचा अधिकार नसतो. तो आभार मानण्यात गुंतलेला असतो.

ऑक्टोबरात थोरल्यांचा रविवार येई. प्रत्येक उमेदवाराला त्या दिवशी घरातली एक थोरली बहीण मिळे, आणि ते नाते जन्मभराचे मानले जाई. कोण कुणाची थोरली हे गुपित असे. जिन्याखाली उमेदवाराच्या हातात लोकरीचे एक टोक दिले जाई. लोकर घरभर फिरवलेली असे, आणि ती गुंडाळत गुंडाळत गेले की दुसरे टोक धरून थोरली उभी. थोरली, तिची धाकटी, त्या धाकटीची धाकटी अशी घराणी चालत, आणि प्रत्येक घराण्याचा रंग ठरलेला होता. ग्रीकांच्या एका जुन्या कथेत भुलभुलैयातून बाहेर पडायला धागा देतात. पण त्या घरात, आधी म्हटल्याप्रमाणे, ग्रीक कुणालाच येत नव्हते.

शुक्रवारी लेनोरने तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठले. “आमचं घराणं निळं,” ती हळूच म्हणाली. “परवा तुझ्या हातात निळं टोक येईल. कुठे बोलू नकोस हं, मला ओरडा बसेल.”

“शपथ?”

“थोरल्या बहिणीची शपथ.”

मग तिने कोरिनला घरातली हात मिळवण्याची गुप्त पद्धत शिकवली. तळहातावर तळहात, मधली दोन बोटे दुसरीच्या मनगटावर. “हा हात पुढे आला की बहिणीने घ्यायचाच. भांडण असलं तरी. झोपेत असलं तरी.”

कोरिनने आईला फोन करून सांगितले की आपल्याला मोठी बहीण मिळाली आहे. चौघींत थोरली तीच असल्यामुळे आईला हसू आले.

रविवारी दुपारी ऊन स्वच्छ होते. सात उमेदवार जिन्याखाली उभ्या राहिल्या. गृहमाता मिसेस थॉर्स्बी टोपली घेऊन आल्या आणि गोड आवाजात त्यांनी नियम सांगितले. “बोलायचं नाही. लोकर सोडायची नाही. शेवटी पोचलात की थोरली तीन हिसके देईल. तिसऱ्या हिसक्याला लोकर जिच्या हातात, ती तिची धाकटी. मग त्यात बदल नाही, मुलींनो.”

निळे टोक मार्लिसच्या हातात गेले.

कोरिनला मिळाले ते रंगवलेलेच नव्हते. मेंढीच्या अंगावरून आले तसे करडे, खरखरीत, किंचित दमट. तिने मार्लिसकडे पाहिले. मार्लिस जमिनीकडे पाहत होती. लेनोर गंमत करते आहे, असे कोरिनने स्वतःला सांगितले.

लोकर जेवणघरातून गेली, पियानोच्या पायांना वळसा घालून मागच्या जिन्याकडे वळली. इतरांच्या लोकरी सैल पडल्या होत्या. तिची मात्र ताणलेली होती. पलीकडे कुणीतरी घाई न करता, पण ढिले न सोडता धरून बसले होते. खाली पहिली आरोळी उठली, मग दुसरी. मुलींना थोरल्या सापडत होत्या, हसण्यारडण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते आवाज एकेक करून थांबले.

तिसऱ्या मजल्यावर बर्फखान्याचे दार उघडे होते. लोकर खाटांच्या रांगांमधून कोपऱ्यापर्यंत गेली आणि खालच्या खाटेवरच्या पांघरुणात शिरली.

पांघरूण सपाट होते.

मागे पावले वाजली. सगळे घर दाराशी येऊन उभे होते. पुढे लेनोर, तिच्या आणि मार्लिसच्या मनगटांभोवती निळी लोकर. कुणी हसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला कोरिनने आधी सहानुभूती समजले. ती सुटका होती.

“उचल ना पांघरूण,” लेनोर म्हणाली.

“निळं म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. नाहीतर आली असतीस का वर?”

“कोण आहे इथे?”

“आपल्यातलीच आहे. तिला धाकटी नसली की ती रात्रभर एकेकीच्या खाटेशी येते गं. आम्हांला झोप नाही. मिळाली की सगळ्या झोपतात.” लेनोरचा आवाज खरोखर मायेचा होता. “आणि तूच म्हणालीस ना, तुला जाग येत नाही म्हणून.”

चहाचा कप, शेजारी बसणे, मागे वळून हलवलेली मान. कोरिनला सगळे पुन्हा दिसले, या वेळी नीट.

“मला काल कळलं,” मार्लिस पुटपुटली. “खरंच, कालच.”

“काल आपण एकाच खोलीत झोपलो होतो, मार्लिस.”



कोरिन रडली नाही. लोकरीचा गोळा तळहातात घेऊन ती दाराकडे चालत आली, लेनोरसमोर थांबली आणि तिने उजवा हात पुढे केला, शिकवला होता तसाच, मधली दोन बोटे पुढे काढून.

तिने सगळे स्वीकारले असे लेनोरला वाटले असावे. “शाब्बास, वाशेक,” ती म्हणाली आणि दोन वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप पुढे आला.

तळहातावर तळहात. मधे गोळा.

कोरिनने आपला हात काढून घेतला.

लेनोरची बोटे मिटलेलीच राहिली. पहिला हिसका बसला. तिने खाली पाहिले.

दुसरा.

तिने मूठ उघडली. गोळा खाली पडला, पण लोकर तिच्या मनगटाभोवती एकदा फिरलेली होती. ती कधी फिरली ते कुणीच पाहिले नव्हते.

तिसरा.

दाराशी उभ्या असलेल्या मुली थोड्या सरकल्या, लेनोरपासून दूर. मार्लिसने निळी लोकर दाताने तोडली. चेहऱ्यांवरची सुटका जशीच्या तशी होती. कोण जाते याच्याशी त्या सुटकेचा कधीच संबंध नव्हता.

कोरिन खाली आली, धुराच्या वासाचा आपला कोट घेतला आणि एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर भाड्याची खोली पाहिली. त्या हिवाळ्यात ऑर्चर्ड रस्त्यावरच्या घरात सगळ्यांना उत्तम झोप लागत असल्याचे तिच्या कानावर आले.

फेब्रुवारीत, भर दुपारी, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात लेनोर तिच्यासमोर येऊन बसली. बाहेर बर्फ होते आणि तिच्या अंगात बिनबाह्यांचा सुती झगा. ती कुडकुडत नव्हती. केस कुणीतरी लहान मुलीसारखे, करकचून विंचरून दिलेले होते.

“वाशेक,” ती म्हणाली, “एकदा हात दे ना.”

कोरिनने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“एकदाच गं. ती चांगली आहे. फक्त सोडत नाही.”

लेनोरच्या मनगटापासून निघालेली करडी लोकर टेबलाच्या कडेवरून खाली उतरली होती आणि वाचनकक्षाची फरशी ओलांडून बंद दाराखालून बाहेर गेली होती. ती ताणलेली होती. कोरिन पाहत असताना ती थरथरली. एकदा, दोनदा, तीनदा.

“आले गं,” लेनोर म्हणाली, घरात सख्ख्या बहिणीच्या हाकेला द्यावी तशी ओ देत, आणि उठली.

ती चालू लागली तशी लोकर फरशीवरून सरकू लागली. मधल्या टेबलांवर वीसएक मुले-मुली अभ्यास करत होती. कुणी मान वर केली नाही. लोकर जवळ येताच पुस्तकातून डोळे न काढता एकेकाने पाय उचलले आणि ती गेल्यावर पुन्हा खाली टेकवले.

दार लागले. मग कोरिनच्या लक्षात आले की तिचे पायही केव्हाचे खुर्चीच्या दांडीवर उचलून घेतलेले आहेत.