सातव्या खांबावरचं शेवाळ

"उद्या सकाळी सहाला निघायचं! आणि घरी एवढंच सांगायचं, सायकलवर चक्कर मारून येतो!" घंटी म्हणाली.

"चाळीस किलोमीटरला चक्कर म्हणतात?" पंपने कपाळाला हात लावला. "माझी आई मला ओळखून आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना मी दोनदा बसतो!"

"तू बस. आम्ही पुढे जाऊ," मोजपट्टी म्हणाली. "नऊ मिनिटांची विश्रांती दर खांबाला. बारा खांब. मी हिशेब केलाय."

तिघं सायकल दुकानाच्या मागच्या अंगणात, जुन्या टायरांच्या चळतीवर बसली होती. दुकान घंटीच्या बाबांचं. रांगायची तेव्हापासून ती तिथल्या प्रत्येक सायकलची घंटी वाजवत सुटायची, म्हणून तिचं नाव घंटी. पंप तिचा आत्तेभाऊ, चढ दिसला की त्याच्या छातीचा पंप सुरू. आणि मोजपट्टी शेजारच्या शिंप्याची मुलगी. तिच्या गळ्यात सदा टेप, आणि जगात मापाबाहेरचं काही असतं हे तिला मान्यच नव्हतं.

"पण उद्याच का गं?" पंपने विचारलं. "सुट्टी अजून महिनाभर आहे."

घंटीने दुकानाच्या दाराकडे बोट केलं. दाराला पहार टेकवून ठेवली होती.

पंप उठला आणि आपल्या सायकलच्या चाकात हवा भरू लागला.

डोंगर चढून, रानातून, दोन छोट्या गावांतून फिरून पुन्हा घरी आणणारा तो रस्ता. सगळे त्याला 'वळसा' म्हणत. वळशावरचे बारा खांब बाबांनी स्वतः रोवलेले. प्रत्येक खांबावर टोकदार लाकडी पाटी. टोक जिकडे, वाट तिकडे. वर्षातून एकदा शे-दीडशे सायकली त्या वाटेने निघत आणि त्यात सगळ्यांत पुढे असे घंटीचा दादा.

चार महिन्यांपूर्वीही तो पुढेच होता. धुकं होतं. सातव्या खांबाजवळ वाट फुटते. डावी घरी येते, उजवी उतरते बंद पडलेल्या दगडखाणीत. त्या दिवशी पाटीचं टोक उजवीकडे होतं.

दादा वाचला. डाव्या पायात सळई बसली, गुडघा वाकेनासा झाला. आणि बाबा? दोन दिवस आधी त्यांनीच बाराही पाट्या काढून रंगवून परत ठोकल्या होत्या. "माझ्या हातून उलटी ठोकली गेली," असं ते एकदाच म्हणाले, चौकशीच्या दिवशी. त्यानंतर त्यांचे हात मांडीवर पडले ते तसेच. चेन तुटलेल्या सायकली भिंतीला लागून उभ्या राहू लागल्या, गिऱ्हाईक येई, बघे आणि हळूच परत जाई. आई ताटं वाढे आणि तशीच उचलून नेई. दादा खिडकीपाशी पडून छताकडे बघे. बाप लेकाच्या खोलीत जात नव्हता, लेक बापाला हाक मारत नव्हता. मधल्या जिन्यावर घंटी बसून राही. वर जावं की खाली, तिला कळत नसे.

वळसा आता कायमचा बंद होणार होता. "मीच रोवले, मीच उपटीन," बाबा म्हणाले होते. परवा टेम्पो येणार होता.

"मला एकदा जाऊन यायचंय," घंटी म्हणाली. "खांब आहेत तोवर. बस, एवढंच."

सहाला निघाली तिघं. रस्त्यावर दव होतं, आणि झाडांच्या सावल्या लांबच लांब निजलेल्या. एरवी घंटी पहिल्या वळणापर्यंत दहादा तरी घंटी वाजवायची. आज अंगठा तिकडे गेलाच नाही.

पहिला खांब ओढ्यापाशी. दादाने वळशाचं गाणं रचलं होतं, प्रत्येक खांबाची एक ओवी. पंपने सवयीने सूर धरला:

"पहिला खांब ओढ्यापाशी, पाण्यासंगं बोले गं,
पाणी म्हणे, जा पुढती, दिस आला डोले गं!"

"नको," घंटी म्हणाली. पंपने जीभ चावली.

मोजपट्टी मात्र खाली वाकून खांबाचं बूड बघत होती. "हे लाल कडं कशाला गं रंगवलंय?"

"बाबांची पद्धत. कडं मातीला टेकेपर्यंत खांब खाली न्यायचा. म्हणजे किती खोल गेलाय ते नुसतं बघून कळतं. कडं वर दिसलं तर ते रात्रभर झोपत नाहीत."

"वा! शिस्त!" मोजपट्टी खूश झाली.

दुसऱ्या खांबाचं कडं मातीला टेकलेलं. तिसऱ्याचंही. चौथ्याच्या चढावर पंप सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मला इथेच रोवा! माझ्यावर पाटी ठोका, 'पुढे चढ आहे, येऊ नका'!" मोजपट्टी खो खो हसली. घंटीही हसायला गेली, पण ओठांपर्यंत येऊन हसू परत फिरलं.

पाचव्या खांबापासून रान सुरू झालं. खांबांच्या एका अंगावर हिरवं, मऊ शेवाळ होतं. पंप प्रत्येक खांबाला टेकून धापा टाकी आणि शेवाळाला गाल लावी. "सगळ्यांना सावलीकडेच शेवाळ आहे बरं का! ऊन लागत नाही तिकडे. शहाणं आहे. माझ्यासारखं."

आणि मग आला सातवा.

घंटी सायकलवरून उतरली. मोकळी जागा, दोन वाटा, मध्ये खांब. अपघातानंतर कुणीतरी पाटीवर काळी फुली मारली होती. टोक अजून उजवीकडेच होतं. तिला वाटलं होतं, इथे आलं की रडू येईल. आलं नाही. दादाची सातवी ओवी तिच्या मनात आपसूक उठली:

"सातवा खांब रानामधी, डावा हात दावी गं,
डाव्या वाटेनं सई माझी घराला पोचावी गं."

ती दचकली. ओवी तर दादानेच रचलेली! त्याला डावी वाट पाठ होती. मग तो उजवीकडे गेला कसा?

"घंटी!" मोजपट्टी ओरडली. "कडं! चार बोटं वर आहे!"

लाल कडं मातीपासून चार बोटं वर होतं. खांबाच्या बुडाशी माती नव्हतीच, बारीक करडी खडी कोंबलेली होती.

"आणि माझी उशी कुठे गेली?" पंप खांबाभोवती फिरत म्हणाला. सावलीच्या अंगाला लाकूड कोरडं, उघडं. शेवाळ होतं उगवत्या उन्हाच्या बाजूला. वाळून पिवळं पडलेलं, खपलीसारखं.

"शेवाळ उन्हात उगवत नाही," मोजपट्टी हळूच म्हणाली. "शेवाळ जागा बदलत नाही. म्हणजे..."

"म्हणजे खांब बदलला!" घंटीचा आवाज चिरका झाला. ती खांबाकडे झेपावली.

"हात लावायचा नाही!" मोजपट्टीने तिला अडवलं. "पुरावा आहे तो! पंप, इकडे ये. तू खांब हो. तुझं तोंड म्हणजे शेवाळ."

"आभारी आहे!" पंप म्हणाला, पण उभा राहिला, तोंड उन्हाकडे करून.

"डावा हात वर. ही पाटी. दाखव उजव्या वाटेकडे. आता पाव फेरा डावीकडे वळ, तोंड सावलीत जाईपर्यंत. हात हलवू नकोस!"

पंप वळला. त्याचं तोंड सावलीत गेलं. आणि त्याचा हात सरळ, नेमका, डाव्या वाटेवर जाऊन थांबला.

वर कुठेतरी एक पान सुटून खाली आलं.

"पाटी बरोबरच ठोकली होती," घंटी पुटपुटली. "बाबांनी बरोबर ठोकली होती. मागून कुणीतरी खांब काढला आणि फिरवून बसवला." आणि तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. चार महिने! चार महिने ते हात मांडीवर पडून होते!

"खडी," मोजपट्टी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "अशी खडी पाण्याचे पाइप टाकणारे वापरतात. तेव्हा ते इथेच खणत होते. पुढच्या गावात त्यांचं काम अजून चालू आहे."

"पण त्यांच्या मुकादमाने चौकशीत सांगितलंय," पंप म्हणाला. "आम्ही पलीकडच्या बाजूने खणलं, खांबाला शिवलोसुद्धा नाही. मामांनी तर विचारलंही नाही पुन्हा."

घंटीने बाहीने डोळे पुसले. "आपण विचारू. पण वेगळं."

पुढच्या गावात रस्ता उकरलेला होता आणि मुकादम पाइपांच्या ढिगाच्या सावलीत चहा पीत बसला होता. समोरच मोठ्या बाईंचं घर. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि वळशाच्या समितीच्या प्रमुख. मोजपट्टी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या फाटकाशी गेली आणि बाईंना बोलण्यात गुंतवून कुंपणाच्या कडेपर्यंत घेऊन आली.

पंप मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. "काका, उद्या माझे मामा रानातल्या फाट्यावरचा खांब उपटणार आहेत. मोठी पहार आणलीय! दोन घावात काढतील. काही हरकत नाही ना?"

"अरे ए! थांब!" मुकादमाचा चहा सांडला. "पहार कसली मारता? पाइप फुटेल! दोन गावांचं पाणी जाईल!"

"पण पाइप तर पलीकडच्या बाजूला आहे ना?" घंटीने साळसूदपणे विचारलं.

"पलीकडे खडक लागला म्हणून इकडे घेतला! खांबाच्या बरोब्बर खाली आहे, हातभरही खोल नाही. म्हणून तर खांब पुरता खाली जाईना, मीच खडी टाकून कसाबसा..."

तो थांबला. पण वाक्य त्याच्या तोंडातून सुटून गेलं होतं, आणि कुंपणापलीकडे मोठ्या बाई उभ्या होत्या.

"कसाबसा काय?" बाई म्हणाल्या. "पूर्ण करा वाक्य."

मुकादमाने कप खाली ठेवला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. "बाई... जेवायची सुट्टी झाली होती. माणसं निघाली होती. खांब काढताना पाटीचं टोक कुठे होतं, मी बघितलंच नाही. दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. वाटलं, नंतर विचारू कुणाला तरी. संध्याकाळपर्यंत विसरलो." त्याने मान खाली घातली. "आणि सकाळी ऐकलं, पोरगा पडला. मग जीभ उचललीच नाही."

"माझ्या बाबांनी दोष स्वतःवर घेतला, तेव्हाही नाही?" घंटी म्हणाली.

मुकादम सांडलेल्या चहावर पायाने माती लोटू लागला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, पण त्यात समिती बसून आली. सातव्या खांबाशी बरेच जण जमले. मोजपट्टीने टेप लावून कडं दाखवलं, पंप पुन्हा शेवाळ झाला. मुकादमाने सगळ्यांसमोर कबुली दिली, लिहून दिली. मोठ्या बाईंनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "शाबास! आम्ही सगळे इथे येऊन गेलो, पाटीकडे बघितलं आणि परतलो. खाली वाकून बघितलं ते तुम्ही! वळसा बंद होणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घंटीला त्या टाळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटल्या. ती बाबांकडे बघत होती. बाबा खांबापाशी उकिडवे बसले होते आणि वाळलेल्या शेवाळावरून बोट फिरवत होते, एखाद्या आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. त्यांनी मुकादमाला शब्दानेही काही म्हटलं नाही.

टेम्पोच्या पुढच्या सीटवर, पाय ताठ पसरून, दादा बसला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर.

"बाबा," तो म्हणाला.

बाबांची पाठ ताठ झाली.

"मला माहीत होतं, वाट डावी आहे. धुक्यातही माहीत होतं. मी ब्रेकही दाबला होता." दादाचा आवाज खरखरला. "पण पाटी तुमची होती. वाटलं, माझंच चुकत असेल, बाबांची पाटी चुकणार नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जगला नसता. म्हणून मी बोलतच नव्हतो."

बाबा उठले, टेम्पोपाशी गेले आणि लेकाच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर त्यांनी कपाळ टेकलं. लोक इकडेतिकडे बघू लागले. पंपने नाक ओढलं. सळई पायातच होती आणि तिथेच राहणार होती. कुणाची कबुली ती काढू शकणार नव्हती, कुणाची शाबासकीही नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी हातात फावडं घेतलं. त्यांनी खडी उकरली, पाइप राखून शेजारी नवा खड्डा घेतला, आणि लाल कडं मातीला टेकेपर्यंत खांब खाली नेला. मग दोन्ही हातांनी धरून तो वळवला. शेवाळ सावलीकडे गेलं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं. घंटीला नाही, मोठ्या बाईंना नाही. टेम्पोकडे बघून.

दादाने डोळे बारीक केले. "अजून जरा डावीकडे."

बाबांनी जरा डावीकडे वळवला.

"हां. आता बसवा."

घंटी आपल्या सायकलपाशी गेली. अंगठा घंटीवर ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग तिने एकदाच, अगदी हलकेच, वाजवली.