रिकामी बाही

गिरणीत एका तोतयाला बांधून ठेवलंय, लगेच या, नाहीतर लोक त्याला नदीत बुडवतील, असा निरोप आला तेव्हा शेरीफ डनलेव्ही नुकताच नाश्त्याला बसला होता. ताट तसंच टाकून त्याने घोडा पिटाळला.

गिरणीबाहेर गावातले पुरुष जमले होते. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिणेच्या युद्धातून परतलेलेच बहुतेक. मेलेल्या सोबत्याचं नाव चोरणाऱ्याला त्यांच्याकडे माफी नव्हती.

आत खुर्चीला एक माणूस बांधलेला होता. उजवा हात खांद्यापासून नाही. जबडा गोळीने फुटलेला, चेहरा ओळखण्यापलीकडचा. आपण ओबेद क्रेन, थर्झाचा नवरा, एवढंच तो अडखळत सांगत होता.

थर्झा भिंतीला टेकून उभी होती. ओबेद इस्पितळात वारल्याची बातमी सहा वर्षांपूर्वी गिरणीवाल्या अल्वाने आणली होती. येत्या रविवारी त्याच्याशीच तिचं लग्न ठरलं होतं.

शेरीफने त्या माणसाला लग्नाबद्दल, घराबद्दल, कुत्र्याबद्दल विचारलं. प्रत्येक उत्तराला थर्झाने मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांतला संशय गेला नाही. अल्वा हसला. शेजारच्या खाटेवर पडून कुणीही एवढं ऐकू शकतो, असं त्याचं म्हणणं. आणि आता डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर ताडून बघायचं तरी कशाशी?

मग त्याने थर्झाच्या घरच्या भिंतीवरून काढून आणलेला फोटो पुढे केला. ओबेदने इस्पितळातून पाठवलेला. चेहऱ्यावर पट्ट्या, अंगात लष्करी कोट, डावी बाही रिकामी, पिनेने वर टाचलेली.

"ओबेदचा डावा हात गेला होता, शेरीफ. याचा उजवा गेलाय. आता आणखी काय बघायचं?"

बाहेर कुणीतरी दारावर लाथ घातली.

शेरीफने चौकट उजेडात धरली. फोटो कागदावरचा होता. मागचे खिळे नवे, चकचकीत. त्याने थर्झाला विचारलं, तेव्हा कळलं की वसंतात काच तडकली होती आणि अल्वाने शहरातून बदलून आणली होती.

"फोटोत कधी काही खटकलं तुला?"

"कोट," ती म्हणाली. "बटणं बायकांच्या झग्यासारखी उलट्या बाजूला. मला वाटलं, एका हाताने कसाबसा चढवला असेल."

शेरीफ अल्वाकडे वळला.

"ओबेद गेला तेव्हा तू जवळ होतास?"

"मीच त्याचे डोळे मिटले."

"हात कोणता नव्हता?"

"डावा. बायबलवर हात ठेवून सांगतो."

"मग तू ते प्रेत पाहिलंच नाहीस," शेरीफ म्हणाला. "कोट कसाही चढवला, तरी बटणं बाजू बदलत नाहीत. फोटोच उलटा आहे. पत्र्यावर काढलेल्या फोटोत डावं-उजवं उलटं दिसतं, हे बाहेरच्या प्रत्येक शिपायाला ठाऊक आहे. ओबेदने तसा पत्र्यावरचाच फोटो पाठवला होता. तू त्याची कागदावर नक्कल करवलीस आणि तीच चौकटीत बसवलीस, कारण कागदावरचा फोटो उलटा असेल अशी शंका कुणी घेत नाही. नक्कल मात्र उलटीच राहिली. म्हणजे फोटोतल्या माणसाचा उजवा हात गेलाय, याच्यासारखाच."

अल्वाने ओठ चाटले.

"पण हे वसंतात कशाला केलंस? हा तर आज आलाय. उजवा हात गेलेला ओबेद जिवंत आहे, हे तुला तेव्हाच कळलं असणार." तो बांधलेल्या माणसाजवळ गेला. "वसंतात गावात आलास तेव्हा आधी कुणाला भेटलास?"

त्याने हनुवटीने अल्वाकडे दाखवलं. मग एकेक शब्द ओढत सांगितलं, "या तोंडाने... घरी यायची लाज वाटायची. तो म्हणाला, तिचं लग्न झालं. दोन मुलं आहेत. म्हणून परत गेलो. मग कळलं... तिच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये आत्ता झाली."

"बघ की त्याच्याकडे!" अल्वा थर्झावर ओरडला. "हा चेहरा रोज समोर बसवणार होतीस? मी तुला वाचवत होतो."

शेरीफने अल्वाला दंडाला धरून बाहेर नेलं. जमाव बाजूला सरला. एकाने टोपी काढली.

आत थर्झाने पोती कापायची सुरी घेतली आणि दोर कापला. ओबेद तोंड फिरवून बसला होता. ती वाकून त्याच्यासमोर आली.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" तिने विचारलं.